प्रतिसाद: गुलशन कुमार आणि कॅसेटचं वितरण

टी-सीरिज या कॅसेट कंपनीच्या गुलशन कुमारांबद्दल वर कुणीतरी लिहिलंय, ‘दुसऱ्यांची गाणी पुन्हा गाऊन घेतली, एवढंच त्यांचं कर्तृत्व.’ हे मला पटत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार शब्द आणि चालीच्या मालकाला नोटीस व रॉयल्टी दिली की तेच गाणं नव्या आवाजात, नव्या वाद्यमेळासह रेकॉर्ड करता यायचं. मूळ ध्वनिमुद्रणाची नक्कल काढणं हा वेगळा प्रकार, तो गुन्हाच.

खरी कमाल वितरणात होती. वडिलांचं दिल्लीत दर्यागंजला फळांच्या रसाचं दुकान, म्हणजे किरकोळ गिऱ्हाईक लहानपणापासून पाहिलेलं. त्यांनी कॅसेट रेकॉर्डच्या दुकानातून काढून पानटपरी आणि किराण्यापर्यंत नेली. भाव कमी, खप प्रचंड. भक्तिगीतांना तर हंगाम संपण्याची भीतीच नसते, माल पडून राहत नाही. अनुराधा पौडवालांचा आवाज असा घरोघरी गेला.

सी-६० म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटला ३.८१ मिलिमीटर रुंदीची सुमारे ९० मीटर टेप लागते. प्रती काढताना टेप अनेक पट वेगाने पळवायचे. तेव्हा हेड (टेपवर आवाज उमटवणारा भाग) जरा जरी तिरकं असलं तरी आधी वरचे सूर जातात, झांजा आणि ‘स’कार बोथट होतात. स्वस्त कॅसेटचा आवाज दबका यायचा, त्याचं हे एक मोठं कारण.

धंदा घरचाच होता. भाऊ किशन कुमार सोबत. १२ ऑगस्ट १९९७ ला अंधेरीत देवळाबाहेर त्यांची हत्या झाली आणि १९ वर्षांच्या मुलावर, भूषणवर, सगळा डोलारा आला.