ऑरगॅनिकचं सर्टिफिकेट बघून आपल्याला नक्की काय कळतं?

घोडबंदर_आई

नमस्कार, घोडबंदर रोडला राहते. मुलगी आठ महिन्यांची आहे, नुकतं वरचं खाणं सुरू केलंय, नाचणी सत्त्व, मूगडाळीची खिचडी, उकडलेलं गाजर वगैरे, आणि तेव्हापासून घरात शक्य तितकं ऑरगॅनिक आणतोय. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जण दर शनिवारी मुरबाडकडची भाजी आणि धान्य आणून देतो. टोमॅटो बाहेर ४० ला असले तर त्याच्याकडे ९०, मूगडाळ जवळपास दुप्पट. महिन्याला दीड-दोन हजार जास्तीचे जातात.

परवा सासूबाईंनी विचारलं, अगं पण हे ऑरगॅनिक आहे हे सांगितलं कोणी? मी म्हटलं तोच सांगतो की. त्या काही बोलल्या नाहीत पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

दुकानात बघितलं तर एका पाकिटावर इंडिया ऑरगॅनिक, दुसऱ्यावर जैविक भारत, तिसऱ्यावर नुसतंच नॅचरल नाहीतर केमिकल फ्री. या सगळ्यात फरक काय? सर्टिफिकेट असलं म्हणजे औषध अजिबात नाही असं धरायचं का? आणि बाळाला त्याचा खरंच फायदा होतो का? पैसे घालवायला ना नाही, पण कशासाठी घालवतोय ते कळायला हवं. कोणी नीट माहिती असलेलं असेल तर प्लीज सांगा.

खारघर_टेकडी

ताई, आम्ही चार वर्षं घेतोय, सुरुवातीला माझाही असाच गोंधळ व्हायचा. आधी एक सांगते, नॅचरल, केमिकल फ्री, फार्म फ्रेश या शब्दांवर जास्तीचे पैसे देऊ नका, त्यांच्यामागे कुठलंही ऑरगॅनिकचं सर्टिफिकेशन नसतं. आणि पाकिटावर १४ आकडी एफएसएसएआय नंबर असतो तो बघून माझ्या जाऊबाई म्हणायच्या बघ सर्टिफाइड आहे, तर तो खाद्यव्यवसायाचा परवाना असतो, तो साध्या फरसाणाच्या पाकिटावर पण असतो.

आपल्याकडे दोन पद्धती आहेत. एक एनपीओपी, म्हणजे केंद्र सरकारचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, २००१ पासूनची, त्यात बाहेरची मान्यताप्राप्त संस्था येऊन तपासणी करते, इंडिया ऑरगॅनिकचा लोगो त्याचा. दुसरी पीजीएस-इंडिया, त्यात शेतकऱ्यांचे गट एकमेकांची शेतं तपासतात. ज्याची जमीन अजून बदलाच्या काळात, म्हणजे रासायनिक सोडून ऑरगॅनिककडे जायच्या मधल्या काळात आहे त्याला पीजीएस-ग्रीन मिळतं, ते पूर्ण ऑरगॅनिक नव्हे, हे दुकानदार सांगत नाहीत म्हणून मुद्दाम लिहितेय. या दोन पद्धतींतलं कुठलंही एक पूर्ण सर्टिफिकेट असलं की जैविक भारतचा लोगो लावता येतो, तो नियम १ जुलै २०१८ पासून लागू झाला.

आणि छोट्या शेतकऱ्याने स्वतः थेट ग्राहकाला विकलं तर त्याला सर्टिफिकेटच्या सक्तीतून सवलत आहे, फक्त लोगो लावता येत नाही. त्यामुळे तुमच्या शनिवारवाल्याकडे कागद नसला तर लगेच तो फसवतोय असं होत नाही. पण तो स्वतः पिकवतो का चार जणांकडून गोळा करून आणतो, हे विचाराच.

ऐरोलीकर

माझा भाऊ जुन्नरला शेती करतो, मी इथे नोकरीला, त्यामुळे दोन्ही बाजू बघतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सर्टिफिकेट मालाचं असतं असं लोकांना वाटतं, पण मुळात ते पिकवायच्या पद्धतीचं असतं. म्हणजे त्या शेतात रासायनिक खत, कीटकनाशक, तणनाशक, जीएम (जनुकं बदललेलं) बियाणं वापरलं नाही, नोंदवही ठेवली, बांधाला शेजाऱ्याच्या फवारणीपासून पट्टा सोडला, हे तपासलेलं असतं. हंगामी पिकाला दोन वर्षं आणि फळबागेला तीन वर्षं बदलाचा काळ. त्या काळात रासायनिक काही टाकायचं नाही आणि माल मात्र ऑरगॅनिक म्हणून विकायचा पण नाही! भावाचं पहिल्या वर्षी टोमॅटोचं उत्पन्न निम्म्यावर आलं आणि तो माल वाशी मार्केटला इतरांच्याच भावात गेला. जीवामृत (शेण-गोमूत्र आंबवून केलेलं खत), फवारणीला दशपर्णी अर्क, निंबोळी अर्क, किडे पकडायचे कामगंध सापळे हे सगळं करायला माणसं लागतात, खुरपणीची मजुरी तर विचारूच नका. ९० रुपयांत हे सगळं आहे, नुसता लोगो नाही.

एकट्या शेतकऱ्याला तपासणीची फी परवडत नाही म्हणून एनपीओपीत गट करतात, २५ ते ५०० शेतकऱ्यांचा. आणि इथे ग्राहकाने एक गोष्ट लक्षात ठेवायची. ते सर्टिफिकेट गटाचं असतं, गटामार्फत विकलेल्या मालाला लागू. गटातल्या एखाद्याने तोच कागद दाखवून परस्पर दुसरा माल विकला तर तो सर्टिफाइड होत नाही. आमच्या भागात एका व्यापाऱ्याने गटाच्या कागदाची झेरॉक्स लावून बाहेरची भाजी विकली, नाव मात्र सगळ्या शेतकऱ्यांचं खराब झालं. अजून राग येतो त्याचा.

तेव्हा कागद मागा, त्याला स्कोप सर्टिफिकेट म्हणतात. त्यावर मुदत असते, साधारण वर्षाची, आणि पिकांची नावं असतात. आपण घेतोय ते पीक त्या यादीत आहे का एवढं बघितलं तरी बरंच कळतं. जो खरंच पिकवतो त्याला विचारलेलं आवडतं. माझा भाऊ तर शेतावर या म्हणतो.

तुर्भे_लॅब

अन्न तपासणीच्या लॅबमध्ये काम करतो. वरचं सगळं बरोबर आहे, फक्त मालात उरणाऱ्या औषधाच्या अवशेषांबद्दल थोडं. सर्टिफाइड म्हणजे शून्य अवशेष असं नसतं. जुन्या जमिनीतून, पाण्यातून, शेजारच्या फवारणीतून थोडंफार येऊ शकतं. पण अवशेष सापडायची शक्यता साध्या मालापेक्षा कमी असते. २०१२ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी २०० च्या वर अभ्यास एकत्र तपासले त्यात हेच दिसलं, आणि ऑरगॅनिक जास्त पौष्टिक असल्याचा ठोस पुरावा त्यांना मिळाला नाही. २०१४ मध्ये न्यूकॅसलच्या लोकांनी ३४३ शोधनिबंध घेतले, त्यात अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम हा विषारी धातू कमी आढळला. म्हणजे पौष्टिकतेवर वाद आहे, अवशेष कमी असतात यावर फारसा नाही. बाळाचं वजन वाढेल, आजार होणार नाहीत असं कोणी सांगून विकत असेल तर ते ऐकू नका.

आणि विक्रेते लॅब रिपोर्ट दाखवतात तेव्हा तारीख आणि सॅम्पलचं नाव बघा. रिपोर्ट फक्त त्या आणून दिलेल्या किलोभर मालाचा असतो, फेब्रुवारीतल्या टोमॅटोचा रिपोर्ट जूनच्या भेंडीला चालत नाही. शिवाय टेस्टमध्ये काही सापडलं नाही म्हणून माल ऑरगॅनिक ठरत नाही, युरिया टाकून वाढवलेली पण फवारणी न केलेली मेथी आमच्याकडे क्लीनच येईल.

धुण्याने वरवरचं जातं, इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं झाडाच्या आत शोषली जातात, ती धुऊन पूर्ण जात नाहीत. बजेट कमी असेल तर जे सालीसकट किंवा पाल्यासकट खातो त्याला आधी प्राधान्य द्या असं मी घरी सांगतो.

नौपाडा_१९५८

ऑरगॅनिक म्हणून न धुता वापरू नका गं, शेणखतातली भाजी आहे, पालेभाजी तीन पाण्यांतून काढायची आणि बाळाला नीट शिजवूनच द्यायची. आणि दोन-दोन हजार खर्चून जीव ओढत असेल तर साधी ताजी भाजी द्या पण भरपूर द्या. बाळाच्या ताटात भाजी असणं महत्त्वाचं.

घोडबंदर_आई

सगळ्यांचे खूप आभार, ऐरोलीकर दादा तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. आज शनिवार, त्यामुळे तो आल्यावर मी आणि त्या दोघी खाली गेलो. कागद मागितला तर त्याने बिलकुल खळखळ केली नाही, मोबाईलवर दाखवला, गटाचं स्कोप सर्टिफिकेट आहे, मुदत पण शिल्लक आहे. पिकांच्या यादीत भात, नाचणी, तूर, मूग. टोमॅटो आणि पालेभाज्या नाहीत.

मी विचारलं तर म्हणाला, ताई भाजी माझ्या मेव्हण्याच्या शेतातली, औषध तो मारत नाही पण गटात नाहीये. हे त्याने आधी कधी सांगितलं नव्हतं आणि मी पण विचारलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, मग भाजीला धान्याचा भाव कशाला लावतोस. त्याने ९० चे ६० केले आणि पुढच्या महिन्यात रविवारी मेव्हण्याचं शेत बघायला या म्हणालाय. नाचणी आणि मूगडाळ त्याच्याकडूनच घेणार, भाजीचं शेत बघून आल्यावर ठरवू. तिथे गेल्यावर नक्की काय काय बघायचं ते दादा जरा सांगाल का?

ऐरोलीकर

ताई, बांधावर आणि पंपाच्या खोलीत औषधांच्या रिकाम्या बाटल्या पडल्यात का बघा. जीवामृताचं पिंप आहे का, आणि असलं तर ते वापरात आहे का नुसतं ठेवलंय, ते वासावरून कळतं. गुरं किती आहेत विचारा, शेणखत कुठून येतं ते विचारा. शेजारच्या शेतात काय पीक आहे आणि वारा कुठून येतो ते पण बघा. आणि सासूबाईंना नक्की घेऊन जा.