किमान देय रक्कम भरणे म्हणजे कर्ज फेडणे नव्हे

काटकसरीने संपत्ती उभी राहत नाही आणि क्रेडिट कार्डाची ‘किमान देय रक्कम’ (बिलाचा दरमहा भरावाच लागणारा छोटा हिस्सा) वेळेवर भरली की चिंता नाही, अशी दोन मते मांडली जातात. पहिल्यात थोडे तथ्य आहे, कारण तुटपुंज्या पगारात पोटाला किती चिमटा घ्यावा यालाही मर्यादा असते. दुसरे मात्र मला अत्यंत घातक वाटते.

समजा, कार्डावर १,००,००० रुपये थकले आहेत, व्याज दरमहा ३.५ टक्के आहे आणि किमान रक्कम ५ टक्के आहे. भरलेल्या ५,००० रुपयांपैकी ३,५०० रुपये व्याजात आणि ६३० रुपये त्या व्याजावरील जीएसटीत जातात, म्हणजे मुद्दल फिटते अवघे ८७० रुपये. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही बिनव्याजी मुदत मिळत नाही. याउलट, तेवढीच रक्कम बाजूला काढून दरवर्षी ५ एप्रिलपर्यंत ६०,००० रुपये पीपीएफमध्ये, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी या सरकारी बचत योजनेत, भरल्यास, ७.१ टक्के दर कायम राहिला तर, १५ वर्षांनी सुमारे १६.२७ लाख रुपये करमुक्त मिळतात, ज्यांत आपले स्वतःचे ९ लाख असतात.

गृहकर्जाला मी याच मापाने मोजणार नाही, कारण त्याचे व्याज कमी असते आणि डोक्यावर छप्पर येते. परंतु ज्यांच्या कार्डावर थकबाकी आहे, त्यांनी पीपीएफचा हप्ताही काही काळ वर्षाला किमान ५०० रुपयांवर आणून आधी ते कार्ड पूर्ण फेडावे, कारण कार्डाच्या दरमहा ३.५ टक्के व्याजाइतका, म्हणजे वर्षाला ४२ टक्के परतावा देणारी सुरक्षित गुंतवणूक कोठेही नाही.