विंडोज ७ वर पत्रिकांचं काम चालू ठेवू का?

लक्ष्मीपुरी_डीटीपी:
नमस्कार. लक्ष्मीपुरीत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, बिलबुकं. २०१२ चा पीसी, विंडोज ७, पानं जुळवायचं पेजमेकर ७ आणि डोंगलवर (पीसीला लावायची किल्ली, ती नसली की फॉन्ट चालत नाहीत) चालणारे जुने मराठी फॉन्ट. जुनं गिऱ्हाईक येतं, "थोरलीची पत्रिका तुम्हीच केलेली, तशीच धाकटीची करा" म्हणतं. मी फाइल उघडून नावं, मुहूर्त बदलून देते.

गेल्या महिन्यात एकाचा पेनड्राइव्ह लावला आणि सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले. इतक्या वर्षांचं काम गेलं म्हणून मी रडले. मुलगा म्हणतो, विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० लाच बंद झाले, टाकून दे. मेल आणि बँकेचं कामही ह्यावरच होतं, क्रोम १०९ च्या पुढं जात नाही. तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांची रीघ लागते, तेव्हा नवं सॉफ्टवेअर कधी शिकू? असं मशीन कोण वापरतंय का?

उद्यमनगर_व्हीएमसी:
ताई, मशीन ठेवा, नेटची वायर काढा. आमच्या व्हीएमसीजवळचा (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन) पीसी अजून विंडोज एक्सपीवर हाय, त्याला नेट नाही आणि पेनड्राइव्ह ठरलेला एकच.
मे २०१७ चा वॉनाक्राय आठवा, फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस. कुणी काही क्लिक न करता फाइल शेअरिंगच्या वाटेनं तो एका पीसीतून दुसऱ्यात घुसायचा. ते भोक बुजवणारा अपडेट, म्हणजे पॅच, मार्चमध्येच आलेला, ज्यांनी टाकला नव्हता ते सापडले, त्यात विंडोज ७ वालेच लई. तेव्हा पॅच तरी होता. आता नवीन भोक सापडलं तर बुजवणारं कोण नाही, आणि अँटिव्हायरसनं ते बुजत नाही. बँक त्यावर अजिबात नको.

जुना_टंकलेखक:
शॉर्टकटवाल्या व्हायरसात फायली बहुधा जात नाहीत, लपवलेल्या असतात. तुमच्या परत मिळाल्या असतील.
मला काळजी डोंगलची आणि हार्डडिस्कची वाटते. जुन्या फॉन्टात पडद्यावर 'क' दिसतो, पण आत इंग्रजी अक्षराचा कोड असतो. तो फॉन्ट नसलेल्या पीसीवर अख्खी पत्रिका अगम्य चिन्हांची होते. म्हणून प्रत्येक चांगल्या पत्रिकेची फॉन्टसकट पीडीएफ आजच काढा, मूळ फायली बाहेरच्या डिस्कवर घ्या. पुन्हा लागणारा मजकूर, मंगलाष्टकं, निमंत्रणाच्या ओळी, फुरसतीत युनिकोडमध्ये करा, त्यात मराठी अक्षराला स्वतःचा कोड असतो.

शाहूपुरी_हार्डवेअर:
नेटसाठी वेगळा जुना पीसी घेणार असाल तर विंडोज १० बघून फसू नका, त्याचाही सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती पीसीला नोंदणी केली तर ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात, तेवढंच. विंडोज ११ ला टीपीएम २.० (पीसीतली सुरक्षेची सोय) लागतं, आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. फक्त मेल आणि बँक करायची तर जुन्या डब्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम मस्त चालते.

लक्ष्मीपुरी_डीटीपी:
सगळ्यांचे मनापासून आभार. हो दादा, फायली लपलेल्याच होत्या, मुलानं काढून दिल्या. आज दुकान उघडल्याबरोबर नेटची वायर काढली. बँक मोबाइलवर घेतली. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह आता आधी मुलाच्या लॅपटॉपवर तपासायचा, लागेल तेवढा फोटो-मजकूर आमच्या पेनड्राइव्हवर घ्यायचा. पीडीएफ २०१३ पासून काढायला बसलेय, संध्याकाळपर्यंत चाळीस झाल्या. त्यातल्या एका नवरीच्या मुलीचं बारसं मागच्याच वर्षी झालं, त्याचं कार्डही इथंच आहे.