मदत हवी आहे: एमएसडब्ल्यूचा (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) खर्च कोकणात राहून वसूल होतो का?

धाकटी बहीण बीए, चिपळुणात एका संस्थेत महिना १४,००० पगारावर. मुंबईत एमएसडब्ल्यू करायचं म्हणते. दोन वर्षांचा हिशोब: फी अंदाजे ७०,०००, राहणं-जेवण २,८८,०००, बुडणारा पगार ३,३६,०००. म्हणजे फी सगळ्यात किरकोळ! एकूण ६,९४,०००. पुढे २५,००० मिळाले तरी फरक ११,०००, वसुलीला पाच वर्षांवर.

फिल्डवर्कमुळे शिकताना पूर्णवेळ नोकरी जमणार नाही. इग्नू (दूरशिक्षणाचं मुक्त विद्यापीठ) स्वस्त, पण फिल्डवर्क तिथंही आहेच. कर्ज काढायचं नाही. आई घरी एकटी, त्यामुळे नंतर रत्नागिरी-सिंधुदुर्ग सोडता येणार नाही. दोन-तीन संस्थांना विचारलं, ‘अनुभवावर ठरतं’ एवढंच कळलं.

इथे समुपदेशक किंवा प्रकल्प समन्वयक म्हणून नव्या एमएसडब्ल्यूला हातात नेमके किती पडतात, करार किती महिन्यांचा असतो, आणि इग्नूची पदवी मुलाखतीत कमी लेखतात का?