मदत हवी आहे: पेट्रोलमध्ये इथेनॉल नेमकं किती, हे आपल्याला तपासता येतं का?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २०१३ची पेट्रोल हॅचबॅक आहे. लातूर-अंबाजोगाई येणंजाणं सारखं असतं. गेल्या काही महिन्यांपासून गाडी सकाळी चालू केली की मिसिंग करायलीय, चढाला पिकअप घेत नाही, आणि हायवेवर १७ देणारी आता १५वर आलीय. प्लग बदलून झाले, एअर फिल्टर बदलून झाला.

मेकॅनिक म्हणतो, "सगळा इथेनॉलचा प्रताप." पंपावरचा मॅनेजर म्हणतो, "साहेब, २० टक्के म्हणजे २०च." आणि आमचे मेहुणे छातीठोकपणे सांगतात की पंपवाले ३० टक्के मिसळतात, ते म्हणे त्यांना आतल्या माणसाकडून कळलंय. हा आतला माणूस प्रत्येक गावात असतोच.

मी पंपावर फिल्टर पेपर मागितला. दिला, कुरकुर न करता. थेंब टाकला, उडून गेला, डाग नाही. डेन्सिटीही मोजून दाखवली, बोर्डावरच्या आकड्याशी जुळली. मग घरी एक प्रयोग केला. शंभर मिलीचं काचेचं मोजपात्र आणलं (ट्यूशनच्या गावात लॅबच्या सामानाचं दुकान शोधावं लागत नाही). त्यात १० मिली पाणी घेतलं, पाण्यात चिमूटभर जिलबीचा रंग टाकला, वरून ९० मिली पेट्रोल ओतलं, हलवलं आणि ठेवून दिलं. खालचा केशरी थर वाढत वाढत २४च्या रेघेवर येऊन थांबला. म्हणजे १४ मिली वाढ. नव्वदात चौदा, साडेपंधरा टक्के.

आता मेहुण्यांचे ३० कुठं, मॅनेजरचे २० कुठं आणि माझे साडेपंधरा कुठं? पद्धत चुकीची आहे, की पेट्रोलच तसं आहे? आणि डेन्सिटी जुळली म्हणजे इथेनॉल बरोबर आहे असं समजायचं का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद: रसायनवाली

कनिष्ठ महाविद्यालयात केमिस्ट्री शिकवते, म्हणून लिहिते.

प्रयोगाचं तत्त्व बरोबर आहे. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाणी जास्त जवळचं, म्हणून पाणी दिसलं की ते पेट्रोल सोडून खाली उतरतं आणि खालचा थर वाढतो. पण तुम्ही पाणी फारच कमी घेतलंत. ९० मिलीत २० टक्के म्हणजे १८ मिली इथेनॉल झालं, आणि त्याला ओढायला फक्त १० मिली पाणी. ते सगळं उतरत नाही, थोडं वर पेट्रोलमध्येच राहतं. शिवाय पाणी आणि इथेनॉल मिसळले की दोघांचं मिळून आकारमान बेरजेपेक्षा किंचित कमी भरतं. या दोन कारणांनी आकडा कमीच येणार. तुमचे साडेपंधरा म्हणजे खरे २०च्या आसपास असू शकतात.

ब्राझीलमध्ये हीच तपासणी नीट बसवलेली आहे. तिथं पेट्रोलमध्ये बरीच वर्षं २७ टक्के इथेनॉल असायचं, ऑगस्ट २०२५पासून ३० टक्के आहे. गिऱ्हाइकानं मागितली तर पंपवाल्याला ही चाचणी तिथंच करून दाखवावी लागते. त्यांची पद्धत अशी:

एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम मीठ विरघळवायचं. पाणी डिस्टिल्ड घ्या, बॅटरीत घालायचं मिळतं ते चालेल. आधी मोजपात्रात ५० मिली पेट्रोल, मग मिठाचं पाणी १००च्या रेघेपर्यंत. झाकण लावून दहा वेळा हळूहळू उलटंसुलटं करायचं. खळखळवायचं नाही, नाहीतर फेस होऊन मधली रेघ दिसत नाही. अधूनमधून झाकण सैल करून वाफ सोडा. पंधरा मिनिटं ठेवा. खालचा थर ५०च्या वर जितका गेला, त्याची दुप्पट करा आणि १ मिळवा. ती इथेनॉलची टक्केवारी. मिठामुळं थर स्वच्छ वेगळे होतात, तो शेवटचा १ म्हणजे जे थोडंफार निसटतं त्याची भरपाई.

आकडा वाचताना पात्र सपाट जागेवर आणि डोळा रेघेच्या पातळीत. एका मिलीची चूक म्हणजे दोन टक्क्यांची चूक, हे लक्षात ठेवा. घरात करू नका. अंगणात, सकाळी गारव्याला, गॅस-बिडी-काडी काही जवळ नको. एप्रिलच्या दुपारी केलंत तर अर्धं पेट्रोल मोजायच्या आधीच उडेल. उरलेलं परत गाडीत ओतू नका, त्यात खारट पाण्याचा अंश असतो. आणि गटारीत तर अजिबात नको.

डेन्सिटीचं म्हणाल, तर तिच्यावरून इथेनॉल कळत नाही. पेट्रोलची डेन्सिटी १५ अंशाला घनमीटरला ७२० ते ७७५ किलो चालते, आणि इथेनॉलची आहे ७९०च्या थोडी वर. ७४०च्या पेट्रोलमध्ये २० टक्के घातलं तरी मिश्रण ७५०च्या आसपास, म्हणजे हद्दीतच. सकाळच्या नोंदीशी आकडा जुळला तर टँकरनं आलेला माल मध्ये बदलला नाही एवढंच कळतं. फिल्टर पेपर रॉकेल-डिझेलसारखी भेसळ पकडायला. इथेनॉल कागदावरून केव्हाच उडून जातं.

प्रतिसाद: कोरडवाहू

हे सगळं ठीक आहे, पण २०१६ला ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथंच ऊस लावून त्याचं इथेनॉल गाडीत घालायचं, हा प्रश्न कुणी विचारायचा की नाही?

प्रतिसाद: मांजराकाठी (धागाकर्ता)

कोरडवाहू, प्रश्न रास्त आहे, वेगळा धागा काढा, मी तिथं भांडायला हजर आहे. मागच्या वर्षी आमच्या आळीतला सगळा ऊस कारखान्याला गेला, त्याची मळी इथेनॉल होऊन माझ्याच टाकीत आली असंल, सांगता येत नाही. आता मात्र गाडीचं बघू द्या.

मॅडम, खूप आभार. एकच अडचण. मागच्या वेळी ओळखीच्या पंपावर काचेच्या भांड्यात मिळालं होतं, आता देत नाहीत. बाटलीत तर नाहीच. गाडीच्या टाकीतून नळी घालून निघत नाही, मध्ये जाळी आहे. मग पेट्रोल काढायचं कसं?

प्रतिसाद: गॅरेजवाला_परभणी

भाऊ, प्लॅस्टिकच्या बाटलीत देत नाहीत ते बरोबरच आहे. सोपा मार्ग सांगतो. घरी जुनी कार्बोरेटरवाली मोटारसायकल आहे का? टाकी जवळपास रिकामी करा आणि ज्या नोझलवर कार भरता त्याच नोझलवर ती भरा. घरी येऊन कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करा, पहिलं थोडं सोडून द्या, मग काचेच्या भांड्यात धरा. ते भांडं आधी तासभर तसंच ठेवा, पाणी न घालता. तळाला वेगळा थर किंवा थेंब दिसला तर पेट्रोलमध्ये आधीच पाणी आहे, आणि मग मॅडमच्या चाचणीला अर्थ नाही. इथेनॉल त्या पाण्याबरोबर तळाला बसलेलं असतं, वरचं पेट्रोल तपासलं तर आकडा कमीच दिसणार. पावसाळ्यात पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी शिरलं की हे होतं. अशा पेट्रोलवर गाडी धड चालतच नाही.

आता गाडीचं. समजा २० टक्के निघालं, तरी तुमचं दुखणं त्याच्यावर पूर्ण ढकलता येत नाही. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यात लिहिलंय की जुन्या, म्हणजे शुद्ध पेट्रोलसाठी बनवून १० टक्क्यांवर बसवलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज ई२०वर (म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर) सहा-सात टक्के पडतं. १७चे सात टक्के म्हणजे सव्वा किलोमीटरही होत नाही. तुमचे दोन गेलेत. उरलेलं दुसरीकडं शोधा.

स्टिअरिंगखाली ओबीडीचा पोर्ट (गाडीची तपासणी करायचं सॉकेट) असेल, त्यात साधा ब्लूटूथ स्कॅनर लावा आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा किती टक्के इंधन कमी-जास्त सोडतोय तो आकडा. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेला जास्त इंधन लागतं. नुसत्या पेट्रोलला हवा १४.७ पट, ई१०ला १४.१च्या आसपास, ई२०ला साडेतेराच्या जवळ. म्हणजे १०वरून २०वर गेल्यावर ट्रिम चार-साडेचार टक्के वर सरकणं साहजिक आहे. दहाच्या पुढं असेल तर इथेनॉल सोडून विचार करा. आयडलिंगला जास्त आणि रेस केल्यावर खाली येत असेल तर कुठून तरी चोरून हवा ओढतेय. उलट रेसला वाढत असेल तर फ्युएल पंप नाहीतर फिल्टर बघा. जुन्या टाकीतला चिकट गाळ इथेनॉल सुटा करतं आणि तो फिल्टरला जाऊन बसतो, हे मी नेहमी बघायलोय.

थंड इंजिनाला मिसिंग होतं त्याचं कारण वेगळं. ऑक्सिजन सेन्सर तापेपर्यंत ईसीयू, म्हणजे तोच कॉम्प्युटर, दुरुस्ती करत नाही, ठरलेल्या हिशोबानं इंधन सोडतं. त्या वेळी मिश्रण पातळ राहतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं. त्यात बाहेरची हवा शिरत असेल तर मग विचारूच नका.

प्रतिसाद: मांजराकाठी (धागाकर्ता)

मंडळी, अपडेट देतो. वडिलांची जुनी मोटारसायकल कामाला आली. पेट्रोल भांड्यात ठेवलं, तळाला काही नाही, स्वच्छ. मग मिठाच्या पाण्याची चाचणी केली. या वेळी थर ५९ आणि ६०च्या मध्ये थांबला. साडेनऊची दुप्पट १९ आणि १, वीस. दुसऱ्या एका पंपाचं पेट्रोलही असंच तपासलं, तिथं ६०च्या रेघेला अगदी चिकटून, म्हणजे एकवीसच्या आत-बाहेर. मेहुण्यांना फोटो पाठवला. ते म्हणाले, त्या दिवशी चांगला माल आला असंल.

स्कॅनर लावला. आयडलिंगला ट्रिम १४, तीन हजारावर रेस ठेवली की ५वर येते. गॅरेजवाल्या भाऊंनी सांगितलं होतं तसंच. हवा येणारा रबरी पाइप काढून वाकवून बघितला तर खालच्या अंगाला, क्लॅम्पपाशी, बोटभर चीर. वरून अजिबात दिसत नव्हती. नवा पाइप टाकल्यावर ट्रिम ६ आणि ४. सकाळचं मिसिंग बरंच कमी झालंय, पूर्ण गेलं नाही. ॲव्हरेज अजून मोजायचं आहे.

आता शेवटचा प्रश्न. पेट्रोलचे रबरी पाइपही जुनेच आहेत, त्यातला एक दाबला की लिबलिबीत लागतो. बदलून घेतो, पण दुकानदार "सगळे सारखेच असतात" म्हणतो. काय बघून घ्यावं?

प्रतिसाद: गॅरेजवाला_परभणी

सारखे नसतात. मिळाला तर कंपनीचाच घ्या, गाडीचा नंबर सांगून. मीटरवर कापून घेणार असाल तर पाइपवर छापलेलं वाचा. ३०आर७ असेल तर घेऊ नका, तो कमी दाबाचा, कार्बोरेटरवाल्या गाड्यांचा. इंजेक्शनच्या गाडीला ३०आर९ पाहिजे, तो दाबही सोसतो आणि इथेनॉललाही टिकतो. क्लॅम्पही नवे टाका, स्क्रूच्या पट्टीचे नकोत, ते रबर कापतात. आणि लिबलिबीत पाइप घेऊन अंबाजोगाईला जाऊ नका, आधी बदला. पेट्रोल गरम इंजिनावर गळतं तेव्हा ॲव्हरेजचा विषय राहत नाही.