सक्तीच्या मतदानावरील वादविवाद : प्रतिकूल बाजू मुलांकडून कशी उभी करून घ्यावी?

सप्रेम नमस्कार.

वडोदऱ्यातील मराठी कुटुंबांतल्या आठवी-नववीच्या मुलांसाठी मी शनिवारी वर्ग घेते. मराठी बोलण्याचा सराव व्हावा आणि नागरिकशास्त्रही शिकून व्हावे, म्हणून ‘स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांत मतदान सक्तीचे असावे’ हा विषय वादविवादासाठी निवडला. विषय आपल्या राज्यातलाच आहे. गुजरात विधानसभेने तसे विधेयक २००९ मध्ये संमत केले, राज्यपालांची संमती २०१४ मध्ये मिळाली आणि पुढच्याच वर्षी उच्च न्यायालयाने सक्तीच्या तरतुदीला स्थगिती दिली.

अडचण अशी की, मतदान न करणारा माणूस म्हणजे सुट्टी मिळताच सापुताऱ्याला निघणारा आळशी, हे चित्र मुलांच्या मनात इतके पक्के आहे की चिठ्ठ्या टाकून बाजू वाटल्या तरी प्रतिकूल गट जेमतेम चार वाक्ये बोलून ‘पण मतदान करायलाच हवे’ असे स्वतःच कबूल करतो. स्थगितीचा उल्लेख केला, तर ‘न्यायालयानेच सांगितले ना?’ म्हणून अनुकूल गटही गप्प बसतो. (स्थगिती म्हणजे अंतिम निकाल नव्हे, हे समजावण्यातच तास संपतो.) शिवाय न पटणारी बाजू मांडायला लावणे म्हणजे खोटे बोलायला शिकवणे, असा एका पालकांचा आक्षेप आहे. तो मला मान्य नाही. पण त्यांचे समाधान कसे करावे, हेही सुचत नाही. अनुभवी शिक्षकांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (इंदूर) :

ताई, पहिल्या फेरीत बाजू देऊच नका. प्रत्येक मुलाला एकेक मतदार द्या. दाहोदहून वडोदऱ्यात बांधकामावर आलेला, पण गावच्या यादीत नाव असलेला मजूर. अंथरुणाला खिळलेल्या सासूला एकटे सोडू न शकणारी सून. एकही उमेदवार न पटलेला पदवीधर. ‘याला दंड करावा का?’ एवढेच विचारा, म्हणजे प्रतिकूल मुद्दे मुलांच्याच तोंडून येतील. कोणीतरी ‘नोटा आहे की!’ म्हणेलच. म्हणू द्या, घरी बसणे आणि मतदानयंत्रापर्यंत जाऊन सर्वांना नाकारणे यांत फरक कोणता, हा प्रश्न तिथूनच निघतो. अनुकूल गटाला ऑस्ट्रेलियाचे उदाहरण द्यावे. तिथे १९२४ पासून राष्ट्रीय निवडणुकांत मतदान सक्तीचे आहे. पालकांच्या आक्षेपासाठी आमच्याकडची पद्धत सांगतो : वाद संपल्यावर प्रत्येक जण आपले खरे मत चिठ्ठीवर नाव न घालता लिहितो आणि त्या चिठ्ठ्यांना गुण नसतात.