गाडी कलली, झुकली, दबली की बसली?

मोर्शी तालुका

मराठीचं विद्यापीठ आमच्याच तालुक्यात, रिद्धपूरला झालं, तेव्हापासून शब्द चुकला की जरा लाजच वाटते. म्हणून विचारतो.

माझ्याकडे जुनी पिकअप आहे, पुढे-मागे पाट्यांची, म्हणजे एकावर एक लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगची. संत्र्याचे कॅरेट, खताच्या गोण्या, लग्नसराईत मंडपाचे बांबू, सगळं तिच्यावरच. दिवाळीपासून ती नुसती उभी असली तरी डाव्या अंगाला गेलेली दिसते. मागून पाहिलं तर माणूस एक पाय दुमडून उभा असावा तशी. बायको म्हणाली, "हिच्या पायात काटा रुतला का हो?"

पहिल्या गॅरेजात मी म्हणालो, "गाडी डावीकडे जाते." त्यानं अलाइनमेंट करून दिली, पुढची चाकं अदलाबदल केली. गाडी तशीच. दुसऱ्या ठिकाणी म्हणालो, "डावीकडून दबते." त्यानं मागचे दोन्ही शॉकॅब्सर नवे टाकले. खड्ड्यात उड्या कमी झाल्या, पण उभी केली की पुन्हा तोच नखरा. तिसरा म्हणाला, डाव्या बाजूला आख (दोन चाकांमधला दांडा) आणि पाट्याच्या मध्ये लोखंडी गुटका टाकू, सरळ होते. तेव्हा मात्र मी गाडी घरी आणली.

माझा संशय असा की दोष निम्मा गाडीत आणि निम्मा माझ्या क्रियापदात आहे. उभ्या गाडीच्या या तिरपेपणाला नेमकं काय म्हणायचं?

दर्यापूर, गॅरेजवाला

भाऊ, तुमी "डावीकडे जाते" म्हनले तं कोनीही मिस्त्री अलाइनमेंटच पाह्यन. त्याची चूक नाई. आमच्या कामात चार गोष्टी वेगयाल्या हायेत अन् गिऱ्हाईक चारीले एकच शब्द वापरते.

चालता चालता स्टेअरिंग एका बाजूनं पयते, ते "ओढते". वयनावर सारं अंग एका बाजूले टाकते, ते "डोलते". समोरची चाकं एका वाटेनं अन् मागची दुसऱ्या वाटेनं, ते "आडवी चालते". कुत्रं पयतांना कसं अंग तिरपं ठेवते, तशी. ह्या चौथ्या जातीत तुमची गाडी: उभीच हाय, बंद हाय, तरी एकाकडं. तिले आमी "बसली" म्हनतो. "किन्नर साइडनं बसली."

शॉकॅब्सर वजन उचलत नाई हो. ते फक्त हिसका जिरवते. वजन सारं पाट्यावर. तो खर्च पान्यात गेला तुमचा.

परतवाडा, निवृत्त शिक्षिका

"किन्नर साइड" वाचून पहिल्यांदा दचकले, मग कळलं, क्लीनर! ड्रायव्हरच्या शेजारी बसणारा.

"बसणे" आणि "कलणे" या दोन शब्दांत मी फरक करीन. कल म्हणजे एका बाजूकडे असलेला झोक. मतमोजणीच्या दिवशी "सुरुवातीचे कल" येतात, दहावीच्या मुलांची कल चाचणी व्हायची, दुपार उतरली की सूर्य कलतो. यात पडण्याची भीती नाही, वस्तू आपल्या जागी आहे, फक्त दिशा बदलली आहे. तोच कल हाताबाहेर गेला की वस्तू कलंडते. कललेली गाडी घरी येते, कलंडलेली नालीत सापडते. झुकणं त्याहून निराळं. त्यात आपण होऊन वाकणं आहे, मान झुकते, फांदी फळांनी झुकते. लवणं तर लवचीक वस्तूचंच. पातं लवतं, गाडीची लोखंडी चौकट, चेसिस, लवत नाही (लवली तर देवच राखो).

तेव्हा दिसतं ते "कलणं". आणि "बसणं" हे त्याचं कारण. भिंत बसते, आवाज बसतो, घसा बसतो. जे उभं होतं ते आपल्याच ओझ्यानं खाली आलं. मिस्त्री कारण सांगत आहेत, तुम्ही लक्षण सांगत होता.

काटोल

आमच्याकडे "कन्नी खाते". संक्रांतीत पतंग एका बाजूला वळत राहिला की कन्नी खातो म्हणतात, मग दुसऱ्या टोकाला चिंधी बांधायची. गाडीलाही चालवून घेतो.

मोर्शी तालुका

बाई, तुमचं पटलं. पण मग एक अडचण. "बसली" म्हटलं तरी काय बसलं? चाक, पाटा की बॉडी?

दर्यापूर, गॅरेजवाला

आता खरा प्रश्न इचारला तुमी. तीन जागा हायेत. जमिनीपासून चाकाच्या मधापर्यंत मोजा: दोन बाजूंत फरक असन तं टायर किंवा हवा. आखापासून चेसिसपर्यंत मोजा: फरक असन तं पाटा. चेसिसपासून बॉडीपर्यंत मोजा: फरक असन तं बॉडीखालचे रबर बसले. मडगार्डपासून मोजून काईच समजत नाई, मडगार्ड म्हनजे कोन्या जमान्यात कोनी ठोकून घेतलेला पत्रा.

पन त्याच्याही अगोदर जागा पाहा. तुमचं आंगन कायी जमीन असन. उन्हायात फाटते, पावसायात फुगते, त्यावर गाडी सरय कशी उभी राहीन? हवा सारखी भरा, माल उतरवा, गाडी उभी करा, मोजा. मंग त्याच जागी तोंड फिरवून उभी करा. कल आता गाडीच्या दुसऱ्या बाजूले गेला तं दोष जमिनीचा. गाडीसंगच फिरला तं गाडीचा.

मोर्शी तालुका

मोजून आलो. आमच्या गावातला गवंडी पाणसळीसाठी पारदर्शक नळी वापरतो, पाणी भरलेली. ती मागून आणली. अंगणात डावी-उजवी दीड इंचाचा उतार निघाला! म्हणजे दिवाळीपासूनचा अर्धा कल अंगणाचाच होता. मग गाडी धर्मकाट्याच्या सिमेंटवर नेली. तिथे सपाट होतं, आणि काटेवाल्याला वजन करायचं नाही हे सांगितल्यावर तो माझ्याकडे पाहतच राहिला.

आकडे: मागे मडगार्डपाशी डावं साडेतीन सेंटिमीटर खाली. चाकाच्या मधापर्यंत फरक फक्त तीन मिलिमीटर. आख ते चेसिस, दोन सेंटिमीटर. बॉडीचे रबर दोन्हीकडे सारखे. तोंड फिरवलं, कल गाडीबरोबरच फिरला.

पण दोन अधिक शून्य पूर्णांक तीन म्हणजे साडेतीन होत नाही. बाकीचा कुठून आला?

परतवाडा, निवृत्त शिक्षिका

तराजूची दांडी आठवा. मधल्या काट्याजवळ बोटभर हलली तर टोकाला वीतभर. पाटे आतल्या बाजूला, मडगार्ड अगदी टोकाला. कल एकच, दिसतो मोठा.

दर्यापूर, गॅरेजवाला

बाईनं बरोबर सांगितलं. आता मागचा दोष का समोरचा, ते पाहा. मांगचं डावं खाली दिसते म्हून दोष मांगचाच असन असं नाई. समोरचा उजवा पाटा जोर करत असन, तरी मांगचं डावं दबते. गाडी एका खाटेवानी हाय, एक पाय उंच झाला का भार त्याच्यावर अन् कर्णातल्या दुसऱ्यावर जाते.

पुढच्या चाकांखाली दगड लावा. मागे चेसिसच्या आडव्या पट्टीच्या बरोबर मधात जॅक लावा, चाकं जमिनीवरून थोडीशी सुटू द्या. आता मागचे पाटे बोलूच शकत नाईत, गाडी समोरच्या पाट्यांच्या भरवशावर. तरी कलली तं दोष समोरचा. सरय झाली तं मागचा. अन् खाली घुसू नका! एकट्या जॅकवर गाडी असतांना कोनी खाली जात नाई.

मोर्शी तालुका

सरळ झाली. मागचाच दोष.

खाली उतरवून, ठोकळे लावून, पाट्यांवरची माती खरवडली. काळ्या मातीचं असं टणक कवच बसलं होतं की छिन्नी लागली. खाली डाव्या गट्ठ्यात तिसरा पाटा, सेंटर बोल्टपासून चार बोटं मागे, आरपार तुटलेला. तुटलेल्या फटीच्या एका बाजूला जुना तांबडा गंज, दुसऱ्या बाजूला आरशासारखी चकाकी, दोन तुकडे एकमेकांवर घासत होते ते. वरचे पाटे धरून होते म्हणून गाडी चालत राहिली. उजवीकडे एकही तुटलेला नाही, पण सगळ्यांची कमान गेलेली, सपाट.

डावीच का तुटली, याचं उत्तर आमचा रस्ता देतो. डांबर एका गाडीपुरतं. समोरून ट्रॅक्टर आला की माझी डावी चाकं दरवेळी कच्च्यात उतरतात, आणि डांबराच्या काठावरून पुन्हा वर चढतात. उजवी मात्र राजासारखी डांबरावर.

तर गट्ठा तुटला. "बसला" म्हणायचा की "तुटला"?

परतवाडा, निवृत्त शिक्षिका

डावा तुटला, उजवा थकला. "पाटे थकले" हे मी आमच्या घरी भाड्यानं येणाऱ्या टेम्पोवाल्याकडून ऐकलंय आणि मला ते फार आवडतं.

गुटक्याबद्दलही बोलायचं होतं. त्याला आपल्याकडे जुना शब्द आहे: पासंग. तराजूची दोन पारडी सारखी नसली तर त्या फरकालाही पासंग म्हणतात, आणि तो भरून काढायला हलक्या पारड्याला बांधलेल्या खड्यालाही पासंगच. दोष आणि इलाज एकाच शब्दात. म्हणून व्यापाऱ्याच्या दुकानी पासंग पाहिला की गिऱ्हाईक आधी डोळे बारीक करतं.

दर्यापूर, गॅरेजवाला

बाई, हेच! तुटलेल्या पाट्याखाली गुटका टाकला असता तं पासंग झाला असता, गाडी सरय दिसली असती अन् एक दिवस भरल्या मालात मेन पाटाही गेला असता. मंग आख जागेवरून सरकते अन् गाडी रस्त्यावर राह्यत नाई.

भाऊ, दोन्ही बाजू संगच करा. एकच बाजू नवी केली तं ते उंच होईन अन् गाडी उजवीकडे कलन. कमान मारून घेत असान तं ज्याच्याकडे पाटे तापवून परत पानी द्यायची सोय हाय त्याच्याकडे द्या. नुसती थंडी ठोकली का काई महिन्यांत परत सपाट. यू-बोल्ट नवेच टाका, जुने ओढून लांब झालेले राह्यतात. अन् बुशचे नट गाडी जमिनीवर उभी असतांनाच पक्के कसा, हवेत लटकत असतांना कसले तं रबर पिळून राह्यते अन् लवकर फाटते.

मोर्शी तालुका

केलं. डाव्या गट्ठ्यात एक नवा पाटा, बाकी दोन्ही गट्ठ्यांना कमान आणि पाणी, सगळे यू-बोल्ट नवे. दोन खेपा खताच्या मारून पुन्हा कसले, जवळजवळ अर्धा फेरा फिरले.

धर्मकाट्यावर पुन्हा मोजलं. यावेळी काटेवाल्यानं स्वतःच टेप धरली. मडगार्डपाशी फरक सहा मिलिमीटर, अजूनही डावीकडेच. सहा मिलिमीटरच्या कलाला काही वेगळा शब्द आहे का, बाई?

दर्यापूर, गॅरेजवाला

बाईच्या अगोदर मीच सांगतो. तेवढ्याले काईच म्हनत नाईत, भाऊ. तुमची डिझेलची टाकी कोनत्या बाजूनं हाय ते पाहा, अन् मोजलं त्या दिवशी भरली होती का ते आठवा.